वरचा कॉमा आणि वरचं बाथरूम

मला हॉटेलात न्यायचं माझ्या नवऱ्यानं जवळजवळ सोडून दिलंय. कारण मी मेन्यूकार्ड वाचते. तसं सगळेच वाचतात, पण मी पर्समधून पेन काढते. इंग्रजीत लिहिलेल्या इडलीच्या अनेकवचनावर वरचा कॉमा दिसला की माझा हात शिवशिवतो. वरचा कॉमा म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी. शाळेत आम्ही सगळे त्याला वरचा कॉमाच म्हणायचो. तो मालकी दाखवतो. मग इडलीचं काय? सांबार? चटणी? नुसत्या चार इडल्या सांगायच्या असतील तर साधा एस पुरे, वर टिंब मारायची गरज नाही. घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात मी असे सगळे कॉमे खोडून कार्ड परत दिलं. पुढच्या खेपेला वेटरनं आम्हाला कार्ड दिलंच नाही. टेबलाशी उभा राहून त्यानं सगळे पदार्थ तोंडी म्हणून दाखवले. नवरा म्हणाला, "तू जेवायला येतेस की पेपर तपासायला?"

हा रोग मला वडिलांकडून आला. ते डोंबिवलीचे, मराठी शाळेत शिकलेले आणि इंग्रजी व्याकरणाचे कट्टर भक्त. नातेवाइकांकडून इंग्रजीत छापलेली लग्नपत्रिका आली की ते लाल शाईनं दुरुस्त करून ती आहेराबरोबर परत द्यायचे. भर मांडवात, वधूपित्याच्या हातात. आमच्या घरी लग्नाची बोलावणी हळूहळू का कमी झाली, याचं उत्तर आईला माहीत होतं, बाबांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मी कल्याणच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं, निवृत्त झाले, आणि आम्ही बाळकुमला राहायला आलो. बाळकुम हे मूळचं गाव. आता तिथे टॉवर आहेत आणि टॉवरांना परदेशी नावं आहेत. ज्यांची तिथे भातशेती होती त्यातल्या काहींना जमिनीच्या बदल्यात त्याच टॉवरांत घरं मिळाली. अशाच एका घरातल्या बाई आमच्या बिल्डिंगमध्ये राहतात. साठी ओलांडलेल्या, अंगानं भक्कम, आवाजानं त्याहून भक्कम. सगळं कॉम्प्लेक्स त्यांना आत्या म्हणतं. आज जिथे क्लबहाउस आहे तिथे त्यांचं खळं होतं, हे त्या प्रत्येक नव्या भाडेकरूला सांगतात. भाडेकरू मान डोलवतो आणि खळं म्हणजे काय ते घरी जाऊन मोबाइलवर बघतो.

आत्यांच्या घराच्या थेट वरच्या मजल्यावर आमच्या सोसायटीचे चेअरमन राहतात. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, नेहमी इस्त्रीच्या शर्टात. बोलताना त्यांचं मराठी इतकं शुद्ध, की त्यांच्यासमोर शिंकतानासुद्धा आपण ऱ्हस्व शिंकलो की दीर्घ, असा विचार मनात येतो. पण नोटीस काढायची म्हटली की ते इंग्रजीत शिरतात. 'हिअरबाय' आणि 'काइंडली' आणि 'डू द नीडफुल' यांच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही.

सगळं सुरू झालं ते पोहण्याच्या तलावावरून. तलावाचं पाणी गढूळ झालं होतं. चेअरमन साहेबांनी ग्रुपवर नोटीस टाकली: 'बीइंग डर्टी, ऑल मेंबर्स आर हिअरबाय रिक्वेस्टेड नॉट टू एंटर द पूल.'

आता इंग्रजीत एक नियम आहे. वाक्याच्या सुरुवातीला असा कर्त्याविना लोंबकळणारा तुकडा टाकला, तर तो कॉमानंतर जो पहिला भेटेल त्याच्या गळ्यात पडतो. इथे पहिले भेटले सभासद. म्हणजे नोटिशीचा अर्थ असा झाला, की सर्व सभासद घाणेरडे असल्याने त्यांनी तलावात उतरू नये. 'द पूल इज डर्टी' एवढं सरळ लिहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. माझा अंगठा नवऱ्यानं धरायच्या आत मी ग्रुपवर विचारलं, "सर, घाणेरडं कोण? तलाव की आम्ही?"

हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. कुणीतरी लिहिलं, "मी आंघोळ करूनच उतरतो." दुसऱ्यानं आपल्या शेजाऱ्याचं नाव घेऊन लिहिलं, "यांच्यापुरतं बरोबर आहे." 

नवरा म्हणाला, "आता हा माणूस सूड घेणार."

"व्याकरणाचा कोण सूड घेतं?" मी म्हटलं.

त्यांनी घेतला. पुढच्याच कमिटी मीटिंगनंतर नोटीस लागली की, आमच्या सोसायटीत इंग्रजीबद्दल सभासद एवढे जागरूक आहेत हे पाहून कमिटीला आनंद झाला आहे. तरी यापुढे सर्व तक्रारी फक्त ईमेलवर आणि शुद्ध, बिनचूक इंग्रजीतच एंटरटेन केल्या जातील. चुका असलेल्या तक्रारी परत पाठवल्या जातील.

कमिटीतल्या बाकीच्यांनी याला मान्यता कशी दिली, असं मी एकाला लिफ्टमध्ये विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, सामोसे आलेले. आम्ही सह्या केल्या."

त्याच संध्याकाळी आत्या आमच्या दारात. हातात सुक्या बोंबलाची पिशवी, चेहऱ्यावर जाळ.

"मास्तरीन, तूच ना ती पोहायच्या टाकीची मस्करी केलीस?"

"हो आत्या."

"मंग आता मना इंग्लिश शिकव. माझे छतातशी पानी गलतंय. ह्यो बोलतो, इंग्लिश लिहा तवा एंटरटेन करू. म्हंजे काय गो? माझी गलती बघून याचा मनोरंजन होनार हाय?"

आत्यांच्या बैठकीचं छत कित्येक दिवस गळत होतं, आणि गळण्याचं मूळ वरच्या घराच्या बाथरूममध्ये होतं. वरचं घर चेअरमन साहेबांचं. दुरुस्ती करायची तर त्यांच्या बाथरूमच्या फरशा फोडाव्या लागणार होत्या. इटलीहून की कुठूनशा मागवलेल्या फरशा होत्या त्या. आत्यांनी त्यांना जिन्यात सांगितलं होतं, दारात जाऊन सांगितलं होतं, मराठीत अर्ज दिला होता. आता नव्या नियमानं ते सगळं एका फटक्यात बाद झालं होतं. मला तेव्हा कळलं की साहेबांनी एका दगडात दोन पक्षी मारले होते, आणि तो दगड त्यांना मीच आणून दिला होता.

असा माझा क्लास सुरू झाला. आत्या पहिल्या विद्यार्थिनी. मग नियमाची झळ बसली तसे एकेक येत गेले. क्लबहाउसमध्ये टेबल टेनिसच्या टेबलाभोवती आम्ही बसायचो. जाळीच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला ते. साताऱ्याकडची एक गृहिणी होती, तिच्या नवऱ्याच्या पार्किंगच्या जागेवर कुणीतरी रोज गाडी लावत होतं. तिची तक्रार परत आलेली. तिनं लिहिलं होतं, 'अ व्हाइट कार इज डेली स्टँडिंग ऑन माय हजबंड.'

"यात चूक काय आहे मॅडम?" तिनं विचारलं.

"गाडी नवऱ्याच्या अंगावर उभी आहे."

ती थोडा वेळ विचार करून म्हणाली, "तो काही बोलला नाही मला."

मी तिला वरचा कॉमा शिकवला. हजबंड, मग वरचा कॉमा, मग एस, आणि पुढे जागा. कॉमा मालकी सांगतो. तो पडला की जागा जाते आणि नवरा उघड्यावर येतो. पण 'इट्स'च्या बाबतीत हे उलटं आहे, हेही सांगितलं. तिथे वरचा कॉमा घातला की 'इट इज', आणि मालकी सांगायची तर कॉमा नाही. "जिथे इट इज म्हणून वाक्य वाचता येतं, तिथेच कॉमा घाला," मी म्हटलं. "नाही वाचता आलं, तर कॉमा नको." तिनं ते वहीत लिहिलं आणि विचारलं, "असं उलटं का?" पोरं दरवर्षी शाळेत हेच विचारायची, आणि दरवर्षी मी सांगायचे की इंग्रजांना विचारा, ते सापडले तर.

एका काकांची तक्रार कुत्र्यांबद्दल होती. 'डॉग्ज आर बार्किंग होल नाइट अँड माय मदर-इन-लॉ ऑल्सो.' त्यांना म्हणायचं होतं की सासूबाईंनाही झोप लागत नाही. आपण मराठीत 'पण' आणि 'सुद्धा' वाटेल तिथे टाकतो, ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी समजून घेत नाही. तिथे अर्धं वाक्य सोडलं की ते मागच्या क्रियापदावर जाऊन बसतं, आणि सासूबाई भुंकायला लागतात. काका म्हणाले, "तसं खोटं नाही ते." पण सासूबाई ईमेल वाचतात असं कळल्यावर त्यांनी वाक्य पूर्ण केलं.

आत्यांचा खरा अडसर काळाचा होता. त्यांनी लिहिलं होतं, 'वॉटर इज लीकिंग सिन्स थ्री मंथ्स.' साहेबांनी उत्तर दिलं होतं: 'रिजेक्टेड. टेन्स.'

"टेन्स तो असल," आत्या म्हणाल्या. "मी कनाला टेन्स होऊ?"

मी फळ्यावर लिहून समजावलं. मराठीत आपण म्हणतो, तीन महिन्यांपासून गळतंय. वर्तमानकाळ, काम झालं. इंग्रजीला एवढ्यावर समाधान नसतं. मागे सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं काही सांगायचं तर त्याला 'हॅज बीन' लागतं. हॅज बीन लीकिंग. आणि 'सिन्स' कधी, 'फॉर' कधी? गळायला कधी लागलं तो दिवस सांगायचा असेल तर सिन्स. सिन्स गणपती. सिन्स दिवाळी. किती काळ गळतंय ते सांगायचं असेल तर फॉर. फॉर थ्री मंथ्स.

"म्हंजे सिन्स म्हंजे सुरवात, नि फॉर म्हंजे लांबी," आत्या म्हणाल्या.

"बरोबर."

"मंग लिव. हॅज बीन लीकिंग सिन्स गनपती फॉर थ्री मंथ्स बाय चेअरमन."

"शेवटचं काढावं लागेल आत्या."

"तेच तर खरा हाय."

दुसरी तक्रार गेली. ती परत आली. 'रिजेक्टेड. कॉमा.' आत्यांनी लिहिलं होतं, छत गळतंय, कॉमा, कृपया दुरुस्त करा. शाळेत आपल्याला शिकवतात की जिथे श्वास घ्यावा वाटतो तिथे कॉमा द्यावा. दम्याचा माणूस मग प्रत्येक शब्दानंतर कॉमा देईल. खरी गोष्ट अशी, की दोन वाक्यं आपापल्या पायावर उभी राहू शकत असतील, तर त्यांच्यामध्ये नुसता कॉमा पुरत नाही. पूर्णविराम द्यायचा, नाहीतर 'अँड' किंवा 'सो' घालायचं. यात साहेब बरोबर होते, आणि ते बरोबर असल्याचा मला जास्तच राग आला.

तिसरी तक्रार मी स्वतः तपासली. एकेक टिंब पाहिलं. तिच्यात चूक काढायला बाबा वरून आले असते तरी हात हलवत गेले असते. या वेळी उत्तर आलं, पण रिजेक्टेड नव्हतं. साहेबांनी लिहिलं होतं: 'लीकेज हॅज बीन नोटेड. नेसेसरी ॲक्शन विल बी टेकन.'

आत्यांनी मला ते वाचायला लावलं. मी अर्थ सांगितला. गळती नोंदवली गेली आहे. आवश्यक ती कारवाई केली जाईल.

"कोन करल?" आत्यांनी विचारलं.

"ते लिहिलेलं नाही."

"नोंद कोनी केली?"

"तेही नाही."

मग मी त्यांना कर्मणी प्रयोग सांगितला. पॅसिव्ह व्हॉइस. ज्यात काम होतं, पण करणारा दिसत नाही. सरकारी पत्रं, बिल्डरची पत्रं, सोसायटीच्या नोटिशी, सगळं याच प्रयोगात चालतं. कारवाई केली जाईल, दखल घेतली जाईल, चौकशी केली जाईल. वाक्यात शंका आली तर एकच प्रश्न विचारायचा, कोण? उत्तर मिळालं नाही तर समजायचं, कर्ता पळालेला आहे.

"पललेला नाय," आत्या म्हणाल्या. "माझे वर राहतो."

त्यानंतर काही दिवस काहीच झालं नाही. कारवाई केली जात होती, म्हणजे केली जात नव्हती. आत्यांच्या बैठकीत छताखाली पातेलं होतं ते भरत होतं, त्या रिकामं करत होत्या. मला वाटलं, आत्या आता कंटाळल्या. क्लासला पण दोनदा आल्या नाहीत. आणि मग एका सकाळी त्यांचा फोन आला.

"अकराच्या टायमाला माझे घरा ये. चांगली साडी नेस. तुला भांडायचाय."

"कुणाशी?"

"यो साहेब येतोय. मी बोलली त्याला, मास्तरीन सगला चुकीचा शिकवते, मना तुमीच येऊन समजवा."

मी गेले. आत्यांनी बैठक झकास लावली होती. नवे अभ्रे, टेबलावर घावणं, नारळाचा रस, बशा. पातेलं गायब होतं. पातेल्याच्या जागी एक खुर्ची होती, मखमलीच्या गादीची, हातांवर नक्षी असलेली. बाकीचा सोफा आत्यांनी वाळत टाकलेल्या कपड्यांनी भरून ठेवला होता. म्हणजे पाहुण्याला बसायला तीच एक जागा.

मी छताकडे बघितलं. छतावर पीओपीची वेलबुट्टी होती, आणि वेलबुट्टीच्या मध्यभागी पिवळट डाग.

"आत्या," मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

"शिकवनी," आत्या म्हणाल्या.

साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फोल्डर. मला बघून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. तलावाच्या नोटिशीचा हिशोब चुकता करायची ही संधी होती. आत्यांनी त्यांना खुर्ची दाखवली. ते बसले.

"काय म्हणतायत तुमच्या बाई?" त्यांनी माझ्याकडे न बघता आत्यांना विचारलं.

"त्या बोलतान, हॅज बीन लीकिंग. मना वाटते, इज लीकिंग. तुमचा काय म्हननं?"

मी आत्यांकडे बघितलं. त्यांनी डोळा मारला नाही, त्या तेवढ्या स्वस्त नाहीत. फक्त घावणाची बशी साहेबांच्या हातात दिली आणि आत जाऊन कुणालातरी फोन केला.

साहेबांनी घसा साफ केला. "हे पाहा. भाषेत प्रसंग महत्त्वाचा. सतत चालू असलेली क्रिया आणि मागे सुरू झालेली क्रिया यांत एक सूक्ष्म..."

"सूक्ष्म काही नाही, याच टेन्सवरून तुम्ही तक्रार परत पाठवली होती," मी म्हटलं. "कालावधी दिला असेल तर हॅज बीन. सहावीच्या पुस्तकात आहे."

"तुमच्या पुस्तकात असेल."

"तुमच्या नोटिशीत तर पुस्तकच नसतं."

मला भांडायला सांगितलं होतं, पण खरं सांगायचं तर मला सांगायची गरज नव्हती. आमचं चांगलंच जुंपलं. ते म्हणाले, मी बोर्डरूममध्ये इंग्रजी बोललोय. मी म्हटलं, बोर्डरूममध्ये कुणी लाल पेन घेऊन बसत नाही. ते म्हणाले, 'डिस्कस अबाउट' सगळेच म्हणतात. मी म्हटलं, सगळेच चुकतात, डिस्कस या शब्दाच्या पोटातच 'बद्दल' आहे, अबाउट कशाला? ते म्हणाले, 'रिव्हर्ट बॅक'ला तुमची काय हरकत आहे? मी म्हटलं, रिव्हर्ट म्हणजे उत्तर देणं नव्हेच, मूळपदावर जाणं आहे, आणि वर बॅक म्हणजे मागे मागे जाणं आहे. ते मूळपदावर येऊ लागले. त्यांचा आवाज चढला.

तेवढ्यात वर कुठेतरी काहीतरी घरघरलं. वॉशिंग मशीन.

पहिला थेंब त्यांच्या टकलावर पडला. त्यांनी हात फिरवला आणि बोलणं चालू ठेवलं. दुसरा थेंब चष्म्यावर पडला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि तो पुसताना मला प्रेपोझिशनचं महत्त्व सांगितलं. तिसरा थेंब घावणावर. त्यानंतर थेंब मोजण्यासारखे राहिले नाहीत. साहेब बोलतच होते. मला मनातून त्यांच्याबद्दल आदर वाटला. बाबाही असेच बोलत राहिले असते.

मग छतातून एक कर्र असा आवाज आला, आणि पीओपीच्या वेलबुट्टीतलं एक फूल, चांगलं बशीएवढं, सुटून थेट नारळाच्या रसात पडलं. रस उडाला. इस्त्रीचा शर्ट, फोल्डर, मिशा, सगळं पांढरं.

"अगं आई गं!" साहेब उठून उभे राहिले. बोट छताकडे, तोंड उघडं. आणि त्यांच्या तोंडून निघालं, "इट... इट लीक्स!"

 मला राहवलं नाही.

"साधा वर्तमानकाळ," मी म्हटलं. "नेहमी घडणाऱ्या क्रियेसाठी. अगदी बरोबर, सर."

आत्या आतून टॉवेल घेऊन आल्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी साहेबांचं डोकं टॉवेलनं पुसलं, घरातल्या लहान मुलाचं पुसावं तसं, खसाखसा. "लागला नाय ना?" त्यांनी विचारलं. साहेब म्हणाले, "नाही." मग त्यांनी छताकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, सोफ्यावरच्या कपड्यांकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, "वर मशीन कुणी लावलं? आमच्याकडे संध्याकाळी लावतात."

दारात त्यांच्या पत्नी उभ्या होत्या. कधी आल्या कळलंच नव्हतं. आम्ही त्यांना लिफ्टमध्ये बघायचो, गोड हसायच्या, कधी चार शब्द बोललेल्या नव्हत्या.

"मी लावलं," त्या म्हणाल्या. "आत्यांनी फोन करून सांगितलं, वहिनी, आता लावा."

"तू?"

"मी तुम्हाला गणपतीपासून सांगतेय की खाली पाणी जातंय. मराठीत सांगत होते ना, म्हणून पोचलं नसेल."

साहेब खाली बसले. नक्षीच्या खुर्चीवर नाही, सोफ्यावर, वाळत टाकलेल्या कपड्यांच्या ढिगात. त्यांच्या मिशांतून नारळाचा रस ओघळत होता. मग ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. आत्या हसल्या, त्यांच्या पत्नी हसल्या, आणि मी तर मघापासूनच ओठ चावून बसले होते. आत्यांनी रसाचं दुसरं पातेलं आणलं. त्यांनी दोन केलेलीच होती.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांची नोटीस आली. 'द लीकेज इज फ्रॉम माय बाथरूम. आय विल रिपेअर इट. आय ॲम सॉरी.' तीन छोटी वाक्यं, तिन्ही धडधाकट, एकही हिअरबाय नाही. पुढच्या आठवड्यात इटलीच्या फरशा फुटल्या. वर आठवडाभर हातोडा चालला आणि आत्या खाली बसून तो आवाज भजनासारखा ऐकत होत्या.

बिनचूक इंग्रजीचा नियम त्यानंतरच्या मीटिंगला मागे घेतला गेला. कुणी मागे घेतला? कमिटीनं. मी मुद्दाम विचारून घेतलं. आता नोटीस दोन्ही भाषांत निघते, त्यामुळे चुकाही दोन्ही भाषांत असतात. इंग्रजी मजकूर साहेब आधी मला पाठवतात. मराठी मजकूर साताऱ्याची ती गृहिणी लिहिते आणि तो साहेब तपासतात. ती म्हणते, ते ऱ्हस्व-दीर्घावरून फार छळतात. तिच्या नवऱ्याची जागा मोकळी झाली आहे. पांढरी गाडी कमिटीतल्याच एकाची होती, सामोसेवाल्याची.

क्लास मात्र बंद झाला नाही. तक्रारी संपल्या तरी लोक येतात, कारण आत्या खायला आणतात. साहेबांच्या पत्नीही येऊ लागल्या. सध्या आम्ही 'अ' आणि 'द' वर अडकलोय. आपल्या भाषेत हा प्रकारच नाही, त्यामुळे हे सगळ्यांनाच जड जातं. ऐकणाऱ्याला माहीत असलेली, नेमकी ती वस्तू असेल तर द. कुठलीही, कुणीतरी, पहिल्यांदाच नाव घेतलेली असेल तर अ. हे मी चार प्रकारे सांगितलं. आत्यांनी त्याचा आपल्यापुरता सोपा नियम केला. जे आपल्या मालकीचं ते द, दुसऱ्याचं ते अ.

"असं नाही आत्या," मी म्हटलं.

"होते त्यानं काम?"

होतं, बऱ्याचदा.

यंदा नवरात्रात आत्यांनी सगळ्या क्लासला टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला नेलं. रांग बरीच होती. डोक्यावर बॅनरच बॅनर, आणि एका मोठ्या बॅनरवर इंग्रजीत 'वेलकम' दोन तुकड्यांत फोडून लिहिलेलं. वेल, मग जागा, मग कम, आणि तेही दोन एल घालून. माझा हात पर्सकडे गेला. नवऱ्यानं मनगट धरलं. "शिडी लागेल," तो म्हणाला. साहेब मागून म्हणाले, "मी धरतो शिडी."

तिथे आत्यांची बहीण भेटली, मोहन्याहून आलेली, आत्यांसारखीच भक्कम. आत्यांना आपली मंडळी दाखवायची होती, आणि ती इंग्रजीतच दाखवायची होती. बहिणीला एका बाजूला ओढून त्यांनी आधी माझ्याकडे बोट केलं. "धिस इज द टीचर." मग साहेबांच्या पत्नीकडे. "धिस इज द फ्रेंड."

साहेब शर्ट नीट करून पुढे सरकले.

आत्यांनी त्यांच्याकडे बघितलं, थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "अँड धिस इज अ चेअरमन."